अजून तरी दिसणाऱ्या कुंड्या

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आमच्या साडूंना भेटल्यावर दोन दिवस आजारी पडेल. कारण साडूंची भीती साथीच्या रोगासारखी आहे. त्यांच्याशेजारी घटकाभर बसलं की आपल्यालाही वरचा पंखा जरा जास्तच हलतोय असं वाटायला लागतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आक्का, तिचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. राहायला गंगाखेडला, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. नदीकाठच्या माणसाला पुराची धास्ती असावी हे समजू शकतं, पण दाजी भर उन्हाळ्यात, पात्रात नुसती वाळू दिसत असतानाही नदीकडे संशयाने बघतात. “कोरडी हाय म्हणून गाफील राहू नये, पावणं,” असं मला पुलावर उभं राहून सांगतात, तेही कठड्यापासून चांगले लांब उभे राहून.

असा माणूस नोकरीला कुठे असावा? तर वीज खात्यात. उभा जन्म बिलाच्या खिडकीमागे बसून काढला, पण वायर म्हणून हातात धरली नाही. घरात बटण दाबताना आधी हात कोरडे करणार, मग पायांत रबरी चप्पल आहे का बघणार, आणि मग आक्काला हाक मारणार, “तेवढं बटन दाब गं.” भाजी आणायला निघाले तर मेन स्विच बंद करून निघतात. त्यामुळे त्यांच्याकडच्या फ्रिजमधलं पाणी मी आजवर कधी गार प्यायलो नाही. कुकर लावला की दाजी फाटकाबाहेर जाऊन उभे राहतात आणि शिट्ट्या झाल्यावरच आत येतात. गल्लीतल्या बायका त्यांना फाटकात बघून आपापल्या घरी भात टाकतात म्हणे. एसटीत बसले तर पार पुढे बसत नाहीत, कारण पुढून धडकते, मागे बसत नाहीत, कारण मागून धडकते, आणि मधल्या बाकावर बसण्याआधी ड्रायव्हरजवळ जाऊन अतिशय अदबीने विचारतात, “मालक, जेवण जास्त तर न्हाई ना झालं? डोळा लागतो म्हणून इचारलं.” एकदा एका ड्रायव्हरने उलट विचारलं, “तुमीच चालविता का?” तेव्हा दाजी खाली उतरले आणि पुढच्या गाडीने आले.

पण त्यांच्या भीतीचा खरा अर्क दोन शब्दांत आहे. “कसं काय दाजी, तब्येत बरी?” असं विचारलं की ते कधीही “बरी आहे” म्हणत नाहीत. बरी आहे म्हटलं की कुणीतरी वरून ऐकतं आणि मुद्दाम बिघडवतं, असा त्यांचा पक्का समज. म्हणून ते म्हणतात, “अजून तरी.” पाऊसपाणी बरं आहे ना? अजून तरी. मुलगी पुण्यात सुखात आहे ना? अजून तरी. माझ्या लग्नात मला मिठी मारून त्यांनी जे कानात सांगितलं तेही मला आठवतं. मी विचारलं होतं, “आमची मेव्हणी तुम्हाला सांभाळते ना नीट?” तर म्हणाले, “अजून तरी.” तेव्हा मी खूप हसलो होतो.

आक्का याच्या बरोबर उलट. न्हाणीघरात विंचू निघाला तर दाजी खाटेवर आणि आक्का चिमटा घेऊन खाली, अशी त्या घरातली कामाची वाटणी. आक्काला नाद एकच, झाडांचा. शेत त्यांना नाही. ओसरीच्या शहाबादी फरशीवर सिमेंटच्या कुंड्या मांडून त्यात मनीप्लांट, क्रोटन, कोरफड, रबराचं झाड आणि कुठून कुठून मागून आणलेल्या फांद्या तिने जगवल्या आहेत. सकाळी उठून झारीने पाणी घालायचं, वाळलेलं पान नखाने खुडायचं, आणि प्रत्येक झाडाला काहीबाही बोलायचं. दाजींना या झाडांचीही भीती. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचेल आणि डास होतील, मुळं फरशी फोडतील, माकडं येतील. एकदा कुणीतरी उभ्या पट्ट्यांच्या पानाचं एक रोप भेट दिलं आणि त्याला स्नेक प्लांट म्हणतात असंही सांगून गेलं. झालं. दाजींनी ते रोप दाराबाहेर ठेवलं आणि शेजारी काठी ठेवली. “नाव ठेवणाऱ्यानं काय उगंच ठेवलं आसंल का?” ती काठी अजून तिथेच आहे, आणि आता तिला टेकून ते झाड उभं आहे.

मग आक्काच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. रोज थेंब टाकायचे. नजर कडेकडेने आत येत चालली आहे, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. आक्काने हे सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “बरं झालं, तुमचं भ्यालेलं तोंड आता मधूनच दिसंल.” दाजी हसले नाहीत. यंदा पावसाळा सरता सरता आक्का एका सकाळी ओसरीवर पडली. करड्या फरशीवर करडी कुंडी, कडेची, तिला दिसलीच नाही. गुडघा फुटला, झारी लांब घरंगळत गेली. पुण्याहून लेकीचा, स्वातीचा, फोन आला तो सरळ निकाल घेऊनच. “बाबा, मी दिवाळीला येतेय. तोवर त्या सिमेंटच्या कुंड्या बदला. ऑटम कलरच्या घ्या, फरशीवर उठून दिसतील अशा. आणि तरी आई अडखळली, तर झाडं सगळी वाटून टाकायची. मी तुमचं दोघांचंही ऐकणार नाही.” पोरीचं चूक म्हणता येत नव्हतं, तीही घाबरलीच होती, शेवटी लेक कुणाची. आक्का फक्त माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, “झाडं गेली तर सकाळच्याला उठून करू काय गं मी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परभणीत माझं स्टेशनरीचं दुकान उघडतोय तोच दाजी दारात. गंगाखेडहून पहिल्या गाडीने आलेले, चेहरा पांढरा. “पावणं, ह्या पोरीच्या डोक्यात काय शिरलंय? म्हणायली, आटमच्या कुंड्या घ्या.”

“मग?”

“मग काय मग? दसरा-दिवाळी तोंडावर, पोरं आत्तापासूनच गल्लीत आटमबॉम उडवायलेत, आन् त्येच घरात कुंडीत? तुमच्या आक्काला आधीच दिसंना!”

ऑटम आणि ॲटम यांतला फरक सांगताना माझी हसून पुरेवाट झाली, पण दाजींचा जीव भांड्यात पडला नाही. ऑटम म्हणजे शरद ऋतू, तिकडे थंड मुलखात या दिवसांत पानं पिवळी, केशरी, तांबडी होऊन गळतात, ते रंग, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी वेगळीच शंका काढली. “आपल्याकडं पानगळ शिमग्याच्या अंगाला. दसरा-दिवाळीला कुठं पानं गळतेत? आता तर झेंडू फुललाय. मंग आपला आटमचा रंग कोणता?” प्रश्न बरोबर होता. मी शटर पुन्हा ओढलं आणि त्यांना घेऊन वसमत रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. निघताना त्यांनी माझ्या दुकानातून चित्रकलेचे दोन कागद घेतले. कशाला, ते सांगितलं नाही.

नर्सरीत कुंड्यांची अगदी जत्रा होती. दुकानदार उत्साही. त्याने चकचकीत तांबड्या रंगाची एक कुंडी पुढे केली, तिच्यावर पाच टोकांचं कसलंसं पान रंगवलेलं. “हे कोणत्या झाडाचं?” दाजींनी विचारलं. “फारीनचं पान हाय, काका. थंडीत गळून पडतंय.” दाजी एक पाऊल मागे सरले. “गळायलेलं पान? जित्या झाडाच्या कुंडीवर?” दुसरी विटकरी निघाली, तर ती वाळलेल्या रक्तासारखी. तिसरी पिवळी, पण एवढी चमकत होती की “तिच्या डोळ्यावर तिरीप येईल”. एक भोपळ्याच्या आकाराची होती. ती घरंगळेल म्हणून नको. मी वैतागून म्हणालो, “दाजी, तुम्हाला कुंडी घ्यायचीय की नाही?” ते म्हणाले, “घ्यायचीय ना. चुकीची घ्यायची न्हाई.”

आणि मग त्यांनी ते दोन कागद काढले. त्यांच्या बारीक नळ्या वळल्या, एकेक डोळ्याला एकेक लावली आणि त्या नर्सरीत कुंड्यांमधून चालायला लागले. आधी मला हसू आलं. टक्कल पडलेला, धोतरातला एक म्हातारा, डोळ्यांना दुर्बिणी लावल्यासारखा, एका बाईच्या पिशवीला धडकतोय, तुळशीच्या रोपांत पाय घालतोय. बाई ओरडली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. दाजी चालत राहिले. पाय उचलायचा, पुढे नुसता हवेत ठेवायचा, खाली काही आहे का चाचपायचं, मग टेकवायचा. एका कुंडीला अंगठा लागला तेव्हा थांबले. नळ्या काढल्या आणि हातातच चुरगळल्या.

“एवढंच दिसतंय हो तिला,” ते म्हणाले. “मला वाटायचं, ती उगंच हळू चालायलीय.”

आम्ही कुंडी न घेताच परतलो. मला त्या दिवशी त्यांच्या भीतीवर पुन्हा विनोद करावासा वाटला नाही. त्यांची भीती मला नेहमी वाऱ्यावरची वाटत आलेली. नदीला पाणी नाही, कुकर फुटत नाही, गाडी धडकत नाही. ही मात्र खरी होती, रोज सकाळी झारी घेऊन ओसरीवर येणारी, आणि तिच्यापुढे फाटकाबाहेर जाऊन उभं राहण्याची सोय नव्हती.

दसऱ्याला आम्ही गंगाखेडला गेलो. संध्याकाळी गल्लीतली सगळी लहानथोर सोनं द्यायला आली. आक्का ओसरीवर पाटावर बसली होती, पुढ्यात ताट. जो येईल तो वाकायचा, पान तिच्या हातावर ठेवायचा. हल्ली आपट्याची झाडं कुठे राहिलीत. लोक बाजारातून कांचनाची पानं आणतात आणि तेच सोनं म्हणून वाटतात. दिसायला सारखंच जोडपान, तुमच्या-आमच्या काही ध्यानात येत नाही. आक्का मात्र पान नुसतं अंगठ्याखाली फिरवत होती आणि न बघताच सांगत होती, “हे कांचनाचं हाय रे बाबा, मोठं आन् पातळ. हे बघ, हे खरं सोनं, चिवट, मधी खाच.” पोरं तिची परीक्षा घ्यायला लागली. एकदाही चुकली नाही. सगळे हसत होते, टाळ्या देत होते. दाजी तेवढे दाराला टेकून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले होते. मी सोनं द्यायला वाकलो तेव्हाही त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, एवढ्या गर्दीत कुणी तिच्यावर पडेल म्हणून घाबरलेत.

पुढचे दिवस दाजी कुंभारवाड्यात मुक्कामालाच होते म्हणा. कुंभार पणत्यांच्या घाईत, आणि हे त्याच्या डोक्यावर बसलेले. आक्का फोनवर सगळं सांगायची. भट्टी पेटली की दाजी लांब पिंपळाखाली, विझली की परत चाकाजवळ. माती ओली राहिली तर? भाजताना तडकली तर? पाऊस आला तर? कुंभार शेवटी म्हणाला म्हणे, “मालक, तुमी घरी जा, न्हाई तर माझा हात कापायला लागंल.” पण कुंड्या झाल्या. दिवाळीला आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर जुन्या सिमेंटच्या कुंड्या नव्हत्या. त्यांच्या जागी झेंडूच्या रंगाच्या कुंड्या होत्या, चमक नसलेल्या, पक्क्या केशरी, आणि प्रत्येकीच्या पोटावर पिवळ्या रंगात आपट्याचं पान. करड्या फरशीवर त्या अशा दिसत होत्या की फाटकातूनच डोळ्यांत भराव्यात. “हा आपला आटम,” दाजी म्हणाले. कशा वाटतात हे विचारायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

स्वाती आलेली होतीच. ती बापासारखी भित्री असली तरी आईसारखी धीट आहे, हे एकाच पोरीत कसं जमतं कोण जाणे. तिने आईला न सांगता संध्याकाळी सगळ्या कुंड्यांच्या जागा बदलून टाकल्या. “नाहीतर आई सवयीने चालेल आणि आपण फसू,” ती म्हणाली. दाजींची पाचावर धारण बसली. “अगं, मधोमध नको ठेवू, मधोमध नको.” तिने एक मधोमधच ठेवली. सकाळी आम्ही सगळे खिडकीआड उभे. दाजी नाहीत. बघतो तर फाटकाबाहेर, कुकर लावल्यासारखे, आमच्याकडे पाठ करून.

आक्का झारी घेऊन आली. उंबऱ्यावर थांबली. डावीकडून उजवीकडे मान हळूहळू फिरवली, तिची ती नळी सबंध ओसरीवरून नेली, आणि चालायला लागली. पहिली कुंडी वळसा घालून. दुसरी. मधोमधली आली तेव्हा माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. आक्का मधोमधलीलाही वळसा घालून गेली, तिला पाणीही घातलं. फाटकाबाहेरून दबकी हाक आली, “झालं का?” तेवढ्यात आक्का शेवटच्या कुंडीपाशी थांबली. वाकली. तिने हात पुढे केला आणि कुंडीवरचं ते पिवळं पान नखाने खुडायला लागली. “हे बग, पिवळं पडलंय,” ती झाडाला म्हणाली.

स्वातीने तोंडावर हात घेतला. मातीच्या कुंडीवरचं पान आणि झाडाचं पान यांतला फरकच आईला कळत नाही, हे तिने पाहिलं आणि मीही पाहिलं. आता झाडं जाणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आक्का दोनदा खरवडून थांबली. मग अंगठा त्या पानावर फिरवला, खालून वर, मधल्या खाचेपर्यंत. आणि खळखळून हसली.

“अवं, ऐकलं का? हिकडं या. हे सोनं हाय! कुंडीवर सोनं चिटकवलंय व्हय तुमी?”

फाटक उघडल्याचा आवाज आला. स्वाती बाहेर गेली आणि तिने आईच्या हातातली झारी घेतली. मला वाटलं, संपलं. पण तिने ती भरून आणली आणि परत आईच्या हातात दिली. झाडं राहिली. आक्काने चकलीचं पीठ मळायला घेतलं आणि दाजींना कढईपासून लांब जाऊन बसायला सांगितलं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही निघायच्या दिवशी मला सकाळी लवकर जाग आली. नुकतं फटफटत होतं. चहाला कुणी उठलंय का म्हणून बाहेर आलो तर ओसरीवर दाजी. अनवाणी. जो माणूस बसमध्ये अपघात दिसला नाही तर काय, म्हणून डोळे मिटत नाही, तो डोळे घट्ट मिटून चालत होता. दोन्ही हात पुढे. एक पाऊल, थांबायचं, वाकायचं, हाताने कुंडी शोधायची, तिच्या पोटावरचं पान चाचपायचं, मग वळसा घालून पुढे. तेव्हा कुठे मी एका कुंडीला हात लावून पाहिला. ते पान नुसतं रंगवलेलं नव्हतंच. कुंभाराकडून त्यांनी मातीचं उठावाचं पान करून घेतलं होतं, कडेला जाड, मधे खाच, आंधळ्या अंगठ्यालाही सापडेल असं. केशरी रंग आजच्यासाठी होता. पान पुढच्या दिवसांसाठी होतं, आणि त्या दिवसांना हा माणूस आपल्या सगळ्यांच्या आधी जाऊन बघून येत होता.

 मी सवयीने थट्टेच्याच सुरात विचारलं, “दाजी, काय करायलाव?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “असं चालताना तिला भ्या वाटंल का, ते बघायलोय.”

“मग? वाटतंय?”

त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, मधल्या खाचेपर्यंत.

“अजून तरी वाटतंय,” ते म्हणाले, आणि पुढच्या कुंडीकडे हात लांबवला.